बसलेली बाई

आमच्या रविवारच्या मंडळाला एका गोष्टीचा माज आहे आणि तो मलाही आहे. आम्ही काढलेलं माणूस ओळखू येतं. कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्या कुणालाही विचारा, तो आधी हेच सांगेल. बाकीचे रंग फासोत, रेघोट्या मारोत, आम्ही नाक काढलं तर ते त्याच माणसाचं नाक असतं. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आम्हाला रविवारी सकाळी एक रिकामी खोली मिळते. खाली मुलं प्रवेश परीक्षेची गणितं सोडवत असतात आणि वर आम्ही बाराजण अर्धवर्तुळात ईझल लावून एका माणसाकडे डोळे बारीक करून बघत असतो. तीन तासांत पोर्ट्रेट, मग चहा, मग एकमेकांची उणीदुणी. इतर दिवशी मी शाळकरी मुलांना ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी घडे आणि कोबी काढायला शिकवते. त्यामुळे रविवारी जिवंत माणूस काढायला मिळाला की मला सण वाटतो.

एका रविवारी मॉडेल म्हणून बसणारे आजोबा आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, ताप भरलाय. त्या दिवशी माझ्याबरोबर माझ्या मोठ्या नणंद होत्या. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावाहून त्या आदल्या दिवशी डोळे तपासून घ्यायला आल्या होत्या. घरी एकट्या बसून काय करणार, म्हणून मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून घेऊन आले होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या आमचा गोंधळ ऐकत होत्या. "आज मग बाटल्या आणि फळं मांडू," असं मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ चित्रकार म्हणाले, आणि म्हणताना त्यांचं तोंड इतकं उतरलं की वन्संना राहवलं नाही.

"मी बसतो की," त्या म्हणाल्या. "नुस्तं बसायचंच हाय न्हवं?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. शाळेनं माझी ती सवय मोडली. वन्संची शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे त्यांची मोडली नाही.

खोलीतल्या सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं. कारण वन्संना कोड आहे. उजव्या भुवईपासून गालावर, गालावरून हनुवटीखाली, मानेवर आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत. मूळचा रंग चांगला सावळा, त्यामुळे लांबूनही दिसतं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा ओठाच्या कडेला पहिला ठिपका आला आणि वर्षभरात गाल. "माहेरी राहून औषध करून घे" म्हणत सासरच्यांनी त्यांना ट्रंकेसकट आणून सोडलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. भांडण नाही, कागद नाही, काही नाही. आता त्यांनी साठी ओलांडली. सासू-सासरे गेल्यावर माझे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, नोकरीमुळे कोल्हापुरातच राहिले आणि वन्सं गावात चार म्हशी घेऊन राहिल्या. सुरुवातीला गल्लीतल्या बायका त्यांच्या हातचं दूध घ्यायला का-कू करायच्या. वन्संनी गल्लीला दूध घालणं बंद केलं आणि सगळं डेअरीला घालायला लागल्या. "मशिनला फॅट दिसतंय, हात दिसत न्हाईत," असं त्या सांगतात, आणि त्यात तक्रारीपेक्षा मशिनचं कौतुकच जास्त असतं.

ज्येष्ठांनी खुर्ची मांडली, मागं निळा कपडा लावला. त्या खोलीची एकुलती एक मोठी खिडकी उजवीकडे आहे, त्यामुळे उजेड पडायचा तो वन्संच्या उजव्या गालावरच पडला. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि त्या बसल्या. आमच्याकडे येणारी माणसं दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात, कुणाचं नाक खाजतं, कुणाचा पाय झोपतो. पण म्हैस पान्हा सोडायची वाट बघत जिनं आयुष्य काढलं, तिला स्थिर बसायला शिकवावं लागत नाही. तीन तास त्या हलल्या नाहीत. मी त्या दिवशी जोरात होते. डोळे एका दमात जमले, तोंडाची ठेवण जमली, आणि आज आपलंच चित्र सरस होणार हे मला मधल्या वेळेतच कळलं होतं.

वेळ संपल्यावर वन्संनी गुडघे सोडवले आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे हात मागं बांधून पहिल्या ईझलपासून बघत निघाल्या. एकेका चित्रापुढं थांबायच्या, वरून खाली बघायच्या, पुढं सरकायच्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा जास्त वेळ थांबल्या.

"ही कोण म्हणायची?"

मी हसले. "तुम्हीच की वन्सं. ओळखू येत नाही?"

"डोळं माझं हाईत. नाक बी माझंच," त्या म्हणाल्या आणि आपल्या उजव्या गालावर बोट ठेवलं. "मग ह्ये कुठं गेलं?"

मी आजूबाजूला बघितलं. तोवर मला वाटत होतं की एवढं मोठं मन फक्त माझंच आहे. आता दिसलं की बाराही चित्रांत एकही डाग नव्हता. एकानं त्या बाजूला गडद सावली टाकली होती. एकीनं पदर पुढं ओढून मान झाकली होती. 'जे दिसतं तेच काढतो' असं गेली कित्येक वर्षं आम्हाला ऐकवणाऱ्या एका गृहस्थांनी तर अख्खा गाल एकसारखा तांबूस तपकिरी रंगवला होता, आणि तो त्या दिवशीचा सगळ्यांत देखणा गाल होता. एकमेकांना न विचारता बाराजणांनी एकच खोटं काढलं होतं.

ज्येष्ठ पुढं आले. माणूस मनाचा फार चांगला. "बाई," ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"मला बरं वाटायला मी आजारी हाय व्हय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पाऊस आलाय का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. ज्येष्ठांनी हातातला ब्रश खाली ठेवला, दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांसमोर "चुकलं" म्हणाले. सत्तरीच्या माणसाला इतक्या चटकन चुकलं म्हणता येतं हेही मी त्याच दिवशी बघितलं. मला मात्र म्हणता आलं नाही. मी खाली मान घालून पॅलेट पुसत बसले.

खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. इतकं जीव ओतून चित्र काढावं आणि बाईनं त्यात खुसपट काढावं. घरी परतताना स्कूटीवर मी एक अक्षर बोलले नाही. वन्सं मागं बसून कुठल्या दुकानात काय लावलंय ते सांगत होत्या. मग कुठल्यातरी गतिरोधकावर गाडी आदळली, त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, आणि मला माझ्या लेकीचं बारसं आठवलं.

आपल्याकडे बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं. कानात कुर्रर्र करायचा मान तिचा. वन्सं सख्ख्या आत्या, एकुलत्या एक. पण सासूबाईंनी आदल्या दिवशी चुलत नणंदेला निरोप धाडला. "पाच बायका येणार, कुणी काही बोललं तर हिलाच लागंल," असं त्यांचं म्हणणं. पाळण्याशी चुलत नणंद उभी राहिली आणि वन्सं स्वयंपाकघरात घुगऱ्या वाटीत भरत राहिल्या. मी तेव्हा पाळण्याशेजारी नटून बसले होते. मला कळत होतं. मी बोलले नाही, आणि ते वन्संच्या भल्यासाठीच चाललंय असं मी स्वतःला पटवलं होतं. सासूबाईंनी केलं तेच आज आम्ही बाराजणांनी केलं होतं. फक्त आमच्या हातात ब्रश होते.

घरी आल्यावर चहा टाकता टाकता मी विचारलं, "वन्सं, परत बसाल? माझ्या एकटीसाठी?"

"बसतो. पर हाय तसं काढायचं. न्हायतर म्हशी सोडून कशाला येऊ?" मग बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या एका बी फोटूत मी न्हाय बघ. असलोच तर कुणाच्या तरी पाठीमागं. एकदा म्होरं बसून बघायचं हाय मला. चार लोकांत."

मागणं एवढंच होतं.

पुढचे सहा रविवार त्या सकाळच्या गाडीनं माझ्या घरी येत राहिल्या. म्हशी शेजारणीच्या हवाली. पहिल्याच रविवारी आल्या त्या आखूड बाह्यांचं ब्लाउज घालून. इतक्या वर्षांत मी त्यांना मे महिन्याच्या उन्हातसुद्धा मनगटापर्यंतच्या बाह्यांशिवाय बघितलं नव्हतं. गावातल्या शिंप्यानं म्हणे विचारलं, आत्ती, कापड कमी पडलं का? "कापड हाय, लाज संपली म्हटलं त्येला," वन्सं म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

मी पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळली. डाग पांढरे, तर रंग पांढरा, इतकं साधं गणित. तो कॅनव्हासवर लावला तर गालाला चुना लावल्यासारखा दिसायला लागला. पुसला. पिवळा घालून बघितला, तर आजारी दिसायला लागल्या. पुन्हा पुसला. मग मी ब्रश खाली ठेवून बघत बसले. कानापाशी तो डाग गुलाबी होता. मानेवर पिवळसर. मनगटावर आतल्या शिरांचा निळा रंग वर येत होता, आणि हनुवटीखाली लुगड्याच्या काठाचा हिरवा उजेड त्यावर पडला होता, जो शेजारच्या सावळ्या कातडीवर मुळीच दिसत नव्हता. जिथं डाग संपत होता तिथं सायीची कड असते तशी एक किंचित गडद रेघ होती, आणि मधे मधे मूळ रंगाचे बारके ठिपके राहिले होते. नुसत्या एका गालाला मला सात रंग मिसळावे लागले. तीस वर्षं मी ह्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलते असं मला वाटत होतं. मी त्यांच्या कपाळाकडे बघून बोलत होते.

बसल्या बसल्या त्या बोलत. त्यांची आई त्यांना कोडावरचं म्हणून बावचीचं तेल चोळून भर दुपारी अंगणात उन्हाला बसवायची, कातडी भाजेपर्यंत. "उन्हं खाऊन खाऊन मी वाळवणातल्या सांडग्यागत झालतो," त्या म्हणाल्या आणि स्वतःच खदखदून हसल्या. हसताना गाल हलला, म्हणून मी रागावले. मग त्या पुन्हा गप्प झाल्या, आणि त्या गप्प चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी काढलं. त्यात दुःख होतं का, तर होतं. पण त्याहून जास्त एक प्रकारची हुशारी होती. जगानं आपल्याशी कसं वागायचं ठरवलंय ते नीट ओळखलेली आणि तरीही त्याला भ्यायचं नाही असं ठरवलेली बाई समोर बसली होती. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या अंगावर डाग नाही, पण उघडं बसायची माझी छाती नाही, हे मला त्या खोलीत पुरतं कळलं.

मंडळाचं वर्षाचं प्रदर्शन पावसाच्या शेवटी शेवटी लागलं. कलादालनात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर मला जागा मिळाली. तीन फूट बाय चार फूट, खाली छोटं कार्ड: 'बसलेली बाई. तैलरंग.' नाव घालू का, असं मी वन्संना विचारलं होतं. "नाव काय करायचंय, तोंड हाय की," असं उत्तर मिळालं. पहिले दोन दिवस मी टेबलामागं बसून लोक बघत होते. बरेचजण चित्राकडे येताना वेगानं यायचे आणि तीन पावलांवर थबकायचे. एक जोडपं कुजबुजून पुढं गेलं. एका प्राध्यापकांनी "धाडसी" म्हणून मान हलवली, आणि धाडस नक्की कुणाचं म्हणताय हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. वन्सं गुरुवारी यायच्या होत्या. मंगळवारी घरी फोन आला.

आमच्या लेकीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर गगनबावड्याकडचं, शेतीवाडी, माणसं चांगली. पोरं एकमेकांना आवडली होती, फक्त मोठ्यांची बैठक राहिली होती. मुलाची आई बुधवारी कोल्हापुरात येणार होती आणि आपलं प्रदर्शन बघायला यायचं म्हणत होती. लेक बँकेतून दुपारी सुट्टी काढून तिला घेऊन येणार होती.

"एक दिवस," यजमान म्हणाले. "फक्त एक दिवस ते चित्र आत ठेव."

"तुमची बहीण आहे ती."

"बहीण आहे म्हणूनच सांगतोय. तिचं जे झालं ते मी बघितलंय. लोक एका डागावरनं सगळं घराणं तपासतात. पोरीचं तसं नको." ते त्या रात्री नीट जेवले नाहीत. मी मात्र त्यांना कलेवर चांगलं तासभर ऐकवलं. तुम्ही भित्रे आहात, असंही म्हणाले. आणि बुधवारी सकाळी दालन उघडायच्या आधी जाऊन मी स्वतःच्या हातांनी ते चित्र उतरवलं आणि मागच्या सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. नवऱ्याला भित्रा म्हणून झालं होतं, त्यामुळे मला बरंच हलकं वाटत होतं.

आणि साडेदहाला वन्सं आल्या. शेजारणीला गुरुवारी माहेरी जायचं होतं, म्हणून त्या एक दिवस आधी निघून आल्या होत्या. तेच लुगडं, तेच आखूड बाह्यांचं ब्लाउज. चप्पल दाराशी काढून त्या आत आल्या आणि भिंतीवरची चित्रं बघत बघत समोर आल्या. रिकामा खिळा बघितला. खालचं कार्ड काढायचं मी विसरले होते, ते त्यांनी बोट फिरवत सावकाश वाचलं.

"रंग अजून जरा ओला आहे वन्सं," मी म्हणाले. "पावसाळी हवा. म्हणून आत ठेवलंय."

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतः त्या चित्रावर हात फिरवून बघितला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. वॉचमनची खुर्ची उचलून आणली, खिळ्याखाली मांडली आणि हात मांडीवर ठेवून, उजवा गाल खिडकीकडे करून बसल्या.

"वन्सं, हे काय?"

"कार्ड लावलंयस न्हवं? लोकं वाचत्याल आणि भिंत बघत्याल. तवर मी बसतो."

मी टेबलामागं जाऊन बसले. आत्ता आत जाऊन चित्र आणावं, असं मला दर दहा मिनिटांनी वाटत होतं, आणि दर दहा मिनिटांनी मी घड्याळ बघत होते.

कॉलेजची मुलं-मुली आली. त्यांनी कार्ड वाचलं, वन्संकडे बघितलं आणि हा काहीतरी नवीन कलाप्रकार असणार अशा समजुतीनं आदबीनं गोल करून उभी राहिली. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या. एका मुलीनं विचारलं, "हात लावू का?"

"लाव की. निघत न्हाय."

मुलीनं मनगटावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. एक पोक्त गृहस्थ आले आणि जवळ येऊन एका वैद्याचा पत्ता सांगायला लागले. हमखास गुण येतो म्हणाले. "पावणं," वन्सं म्हणाल्या, "त्येच्याकडनं आधी टक्कल बरं करून घ्या, मग मी जातो." मुलं हसली, गृहस्थही हसले. पण मग एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी वन्संकडे धावली, तशी आईनं दंडाला धरून तिला मागं ओढलं आणि पदरानं तिचा हात पुसला, अजून कशाला लागलाही नसताना. वन्संनी मांडीवरचे हात उलटे केले, डाग खाली, तळवे वर. तेवढंच. त्या दोन हातांसाठी मला रडू आलं आणि तरी मी उठले नाही.

त्यानंतर थोड्या वेळानं एक मध्यमवयीन बाई एकटीच आली. सगळी चित्रं सोडून तिथं जमिनीवरच बसली. इकडं तिकडं बघून तिनं हातातल्या बांगड्या वर सरकवल्या. खाली रुपयाएवढा डाग होता. "घरात कुणाला ठाऊक न्हाय अजून," ती म्हणाली. वन्संनी तिला ना वैद्य सांगितला ना धीर दिला. तिचं मनगट आपल्या हातात घेऊन त्या नुसत्या बसल्या. त्या बाईचा चेहरा कसा होता ते मी काढून दाखवू शकेन, सांगू शकत नाही. तीस वर्षं ब्रश हातात धरून मी जे कुणासाठी करू शकले नव्हते ते ह्या बाईनं एका खुर्चीवर बसून केलं होतं.

दीडच्या सुमाराला लेक आली. तिच्यामागं मुलाची आई, ओली छत्री झटकत. उंच, रापलेली, मोठ्या आवाजाची बाई. तिनं सरळ समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि थांबली. लेकीनं रिकामा खिळा बघितला, मग आत्तीकडे आणि मग माझ्याकडे. तिला सगळं एका नजरेत कळलं असावं, कारण तिनं ओठ आवळले.

"ते चित्र कुठाय?" मुलाच्या आईनं मला विचारलं. "आत्तीचं. तुमच्या लेकीनं गेल्याच महिन्यात मोबाईलवर दाखवलं आम्हाला. आमच्या पोरालाबी तिनंच सांगितलं, घरात असं असं हाय म्हणून, पयल्याच भेटीत. मी खास त्येच्यासाठीच आलीया."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. लपवत होते ती मी एकटी. तेवढ्यात वन्संच खुर्चीवरून बोलल्या, अगदी सहज.

"त्येचा रंग वाळंना म्हणून हिनं आत ठेवलंय. पावसाळी हवा हाय न्हवं? म्हणून म्हटलं तवर मीच बसतो."

माझंच खोटं त्यांनी माझ्या अंगावर पांघरलं होतं, आणि किती बेमालूम. मी नुसतं "हो ना" म्हणायचं होतं. मुलाची आई मान हलवतही होती. आणि तेव्हा मला जे वाटलं ते सुटल्यासारखं मुळीच नव्हतं. मलाच कुणी माझ्या जागेवरून पुसून टाकल्यासारखं वाटलं.

"रंग कधीच वाळलाय," मी म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून मी सकाळी उतरवलं. लग्न मोडेल अशी भीती वाटली."

लेक माझ्याजवळ सरकली. मुलाच्या आईनं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं.

"आमच्यात कोड कुणाला न्हाय," ती म्हणाली. "पर धाकट्या दिराला दारू हाय. ती मी कुठल्या भिंतीवर लावू?"

सगळ्यांत आधी लेक हसली. मी आतल्या खोलीत गेले. चित्र जड होतं, एकटीला उचलेना. मागून वन्सं आल्या आणि त्यांनी फ्रेमची दुसरी बाजू धरली.

"सावरून घेत हुतो की मी तुला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कशाला बोललीस?"

"मला नको होतं तसलं सावरणं, वन्सं."

त्यांनी फ्रेमवरून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"व्हय न्हवं?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी चित्र उचललं.